साडेबाराची सुई

१८ जून

दादा,

फोन कर म्हणतोस, पण एका खोलीत फोनवर बोलायचं काय? खारू पुस्तकात नाक खुपसून बसते आणि कान माझ्याकडे लावून ठेवते. परवा शेजारणीला मी अगदी हळू म्हणाले, "हिचं पुढं कसं व्हायचं गं?" तर पुस्तकातून आवाज आला, "हिचं नीट होणार आहे, आणि हिला आत्ता भूक लागली आहे." नऊ वर्षांची पोर. म्हणून हे कारखान्यातून लिहितेय, जेवणाच्या सुट्टीत, शिलाई मशीनच्या फळीवर कागद ठेवून. अक्षर वाकडं आलं तर फळीला दोष दे.

तू मागच्या वेळी विचारलंस की नेमकं काय करावं लागतं. ऐक. तिच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नाही. ते बाहेरून टोचायचं, दिवसातून चार वेळा, जन्मभर. हे ट्रेलर घेऊन निघाले की वीस-वीस दिवस येत नाहीत. त्यांना अजून वाटतं, पोर मोठी झाली की जाईल हे आपोआप. जात नाही, डॉक्टरांनी तीनदा सांगितलं. सकाळचं, संध्याकाळचं आणि झोपतानाचं मी करते. अडतं ते दुपारचं. साडेबाराला डब्याआधी बोटातून रक्ताचा थेंब काढायचा, यंत्रातला आकडा बघायचा, त्याप्रमाणे सुई द्यायची. आणि सुई दिली की दहा मिनिटांत डबा उघडलाच पाहिजे. नाही उघडला तर साखर झपाट्यानं उतरते आणि पोर उभ्या जागी कोसळते.

शाळेत नर्स नाही. माझी पाळी आठ ते पाच, आणि फोन फाटकावरच्या कपाटात कुलूपबंद. पण तू जिवाला लावून घेऊ नकोस. शाळेत सोय झाली आहे. रोजचा आकडा वहीत लिहून येतो.

वहिनीला सांग, गुडघ्याला शेक देत जा म्हणावं.

तुझी,
धाकटी

*

२५ जून

धाकटे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा उभ्यानं, दुसऱ्यांदा चष्मा लावून. 'सोय झाली आहे' वाचलं आणि छातीवरून धोंडा उतरला. मी इकडं पोरांना सांगून मोकळा झालो, "बघा, याला म्हणतात शाळा!" माझ्याकडची चौदाही पोरं शाळेला वैतागून लिफ्टच्या धंद्यात आलेली. त्यांना काही फारसं कौतुक वाटलं नाही.

आता तुझ्या दादाचं एक ऐक. मी अठराव्या वर्षी लिफ्टच्या खड्ड्यात उतरून ग्रीस लावत होतो. आज एकशे दहा इमारतींच्या लिफ्ट माझ्याकडं आहेत. दोरीचा आवाज ऐकून सांगतो, कितव्या मजल्यावर कुरकुरतेय. पण धंदा कानावर चालत नाही, सहीवर चालतो. तपासणी केली की वहीत तारीख, वेळ, काम आणि सही. लिफ्टमध्ये माणूस अडकला की पहिला प्रश्न येतो, शेवटची सही कोणाची? सही असेल तर सगळे धावतात. नसेल तर सगळे एकमेकांकडं बघतात.

म्हणून आजच तुझ्या मुख्याध्यापकांना पत्र टाकलं. घाबरू नकोस, भांडलो नाही. आभाराचं पत्र आहे, तेही चांगल्या कागदावर. आपण माझ्या भाचीला रोज साडेबाराला सुई देण्याची व्यवस्था केलीत, असं मन आजकाल कुठं दिसतं, वगैरे. शेवटी फक्त एवढंच विचारलं की ही सुई कोण देतं, ती व्यक्ती रजेवर असली तर कोण देतं, हे शाळेच्या कागदावर कळवावं. एकदा कागद झाला की तू निर्धास्त.

खारूला सांग, मामा म्हणाला भूक लागली की आधी खायचं, मग बोलायचं.

दादा

*

४ जुलै

महोदय,

आपले २५ जूनचे आभारपत्र मिळाले. त्यातील मजकूर वाचून आश्चर्य वाटले, कारण अशी कोणतीही व्यवस्था शाळेने केलेली नाही.

चौकशीअंती असे आढळले की शाळेतील एक महिला शिपाई नकाशे ठेवण्याच्या खोलीत सदर विद्यार्थिनीस परस्पर सुई देत होती. सदर कर्मचाऱ्यास लेखी ताकीद देण्यात आली असून तिची नेमणूक शिशुवर्गाच्या इमारतीत करण्यात आली आहे. यापुढे शाळेतील कोणत्याही कर्मचाऱ्याने विद्यार्थ्यास औषध देऊ नये, असा आदेश काढला आहे. पालक, किंवा पालकांनी लेखी नेमलेली शाळेबाहेरील प्रौढ व्यक्ती, मधल्या सुट्टीत येऊन सुई देऊ शकेल.

ही बाब आपण निदर्शनास आणून दिल्याबद्दल शाळा आपली आभारी आहे.

आपला विश्वासू,
मुख्याध्यापक

*

६ जुलै

दादा,

तुझे आभार मानायचे राहिलेत, असं समज.

कोणी सांगितलं होतं तुला? मी 'सोय' लिहिलं तेवढ्यावर थांबता आलं नाही? हो, मी खोटं नाही पण अर्धं लिहिलं. खरं हे आहे. पहिल्या दिवशी मी मुख्याध्यापकांच्या दाराबाहेर दीड तास उभी होते. आत गेले, तर म्हणाले, "बघू." 'बघू' म्हणजे काय ते तुला माहीत आहे. बाहेर येऊन जिन्यावर बसले आणि रडले. तिथं शाळेतल्या शिपाई मावशी फरशी पुसत होत्या. म्हणाल्या, "पाय वर घे." मी पाय वर घेतले. पुसून झाल्यावर म्हणाल्या, "कसली सुई?" मी सांगितलं. म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याला अकरा वर्षं टोचलं. रोज बोंब मारायचा, जसं काय मी भोसकतेय. तुझी पोर बोंबलते का?" मी म्हटलं, नाही. "मग आण उद्या."

बस. एवढीच सोय. दवाखान्यातल्या सिस्टरनं त्यांना तासभर बसवून इन्सुलिनचं पेन कसं धरायचं, आकड्याला किती युनिट, सगळं घोटून घेतलं. साडेबाराला नकाशांच्या खोलीत दोघी जायच्या. खारूला सगळे समुद्र पाठ झाले होते. वर्गबाईंना माहीत होतं, त्या दुसरीकडं बघायच्या. कोणी विचारत नव्हतं, म्हणून चाललं होतं. तुझ्या चांगल्या कागदानं विचारलं.

मावशींच्या बावीस वर्षांच्या नोकरीत पहिली ताकीद. मी माफी मागायला गेले, तर म्हणाल्या, "तुझ्या भावाचं अक्षर छान आहे गं. साहेबांनी मला मोठ्यानं वाचून दाखवलं."

आता साडेबाराला कोण? कारखान्यातून शाळा चालत पंचवीस मिनिटं, सुट्टी तीस मिनिटांची. तीन दिवस धावत गेले. तिसऱ्या दिवशी मुकादम म्हणाला, "ताई, एक तर शर्यतीत नाव घाल, नाहीतर मशीनवर बस."

पुन्हा कोणाला काही लिहू नकोस. मलाही नको.

*

१३ जुलै

धाकटे,

नको म्हणालीस तरी लिहितोय. शिव्या द्यायच्या तर उत्तरात दे, पण उत्तर दे.

चूक माझी. पूर्ण माझी, मधे कोणी भागीदार नाही. मला वाटलं, कागद म्हणजे आधाराची कडी. त्या कागदानं मी तुझ्या पोरीच्या लिफ्टची दोरी कापली. फोनवर 'सोय झाली' म्हणाली असतीस तर तुझ्या आवाजातच कळलं असतं की कुठं तरी पोकळ आहे. कागदावर मला ऐकू आलं नाही.

मी येऊन राहतो म्हणालो असतो, पण तुझ्या वहिनीला पलंगावरून खुर्चीत मीच बसवतो. फार तर आठ दिवस काढता येतील. आठ दिवसांनी पुन्हा तेच.

शेजारीण दुपारी घरी असते ना? तिला विचार. आदेशात 'शाळेबाहेरील प्रौढ व्यक्ती' म्हटलंय. तिला लेखी नेम. आणि यापुढं मला अर्धं लिहू नकोस. पाव नको, अर्धं नको, सगळं लिही.

दादा

*

१० ऑगस्ट

दादा,

शेजारणीनं 'हो' म्हटलं होतं. सिस्टरनं तिला शिकवलं होतं. दोन-तीन दिवसांत हातही बसला होता.

हे येऊन गेले. चार दिवस राहिले. खारूला सुई देताना मात्र गच्चीवर जाऊन उभे राहायचे. बाप आहे, काय बोलायचं.

साडेबाराचं होतंय. काळजी नको. खारूला दोन दात नवीन आलेत, आता नावाला शोभते. कारखान्यात मोठी ऑर्डर आहे, म्हणून थोडक्यात.

धाकटी

*

१७ ऑगस्ट

धाकटे,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. शेजारणीनं 'हो' म्हटलं होतं. शिकली होती. हात बसला होता. सगळं 'होतं'. आणि मग एकदम 'साडेबाराचं होतंय'. कोण करतंय?

मला दोरी कुरकुरताना ऐकू येतेय. या पत्राला उलट टपाली एक ओळ लिही. फक्त माणूस कोण, तेवढं.

दादा

*

२९ ऑगस्ट
दवाखाना, मुलांचा वॉर्ड

दादा,

तुझं पत्र माझ्या पिशवीत होतं, न फोडलेलं. इथं बाकड्यावर फोडलं. तू विचारलंस, कोण करतंय. खारू करत होती.

शेजारीण नऊ दिवस आली. मग तिच्या नवऱ्यानं विचारलं, उद्या पोरीला काही झालं तर पोलीस कोणाच्या दारात येणार? दहाव्या दिवशी तिनं दार उघडलं नाही. मला आतून रेडिओ ऐकू येत होता.

मग मी खारूला शिकवलं. एका रविवारी. किती चटकन शिकली सांगू? आकडा, युनिट, पेन फिरवायचं, दहापर्यंत मोजायचं. मी तिला म्हटलं, बाथरूममध्ये जायचं, कडी लावायची, टोचायचं, येऊन डबा खायचा, आणि कोणाला म्हणजे कोणालाच सांगायचं नाही. हे शेवटचं मी तिला तीन वेळा म्हणायला लावलं. यंत्र आणि पेन कंपासपेटीखाली लपवायला मीच कापडाचा कप्पा शिवला. सतरा दिवस तिनं एकही चूक केली नाही. दादा, तिनं एकही केली नाही.

गुरुवारी शाळेच्या तपासणीसाठी शिक्षण खात्याचे साहेब येणार होते. खारूनं साडेबाराला बाथरूममध्ये चार युनिट घेतले. बाहेर आली, तर घंटाच झाली नाही. साहेबांना उशीर झाला म्हणून मधली सुट्टी पुढं ढकलली आणि सगळ्यांना सभागृहात रांगेत उभं केलं. डबा वर्गात. ती काही बोलली नाही. बोलली असती तर सुई घेतली हे सांगावं लागलं असतं, आणि मी सांगितलं होतं कोणाला सांगायचं नाही. पाऊण वाजता तिला घाम फुटला. मागची मुलगी म्हणाली, "बाई, ही थरथरतेय." एक वाजून पाच मिनिटांनी ती रांगेत पडली आणि हातपाय झाडायला लागली.

वर्गबाईंच्या पर्समध्ये ग्लुकोजची पुडी होती. मीच जूनमध्ये दिली होती. त्यांनी ती काढली, हातात घेतली आणि ऑफिसात धावल्या, परवानगी विचारायला. मुख्याध्यापक फाटकावर, तपासणीच्या साहेबांना आणायला गेलेले. कारकून म्हणाला, आदेश आहे, पालकांना फोन लावा. माझा फोन कपाटात वाजत होता. अकरा मिनिटं, दादा. वर्गबाई स्वतः मला सांगत होत्या. पुडी मुठीत घट्ट धरली होती, ती घामानं भिजली.

शिशुवर्गातलं एक पोर पळत जाऊन म्हणालं, चौथीतली मुलगी मेली. मावशी चप्पल न घालता मैदान ओलांडून आल्या. खारूला कुशीवर वळवलं, शुद्ध नव्हती म्हणून पाणी पाजू दिलं नाही कोणाला, बोटानं गालाच्या आत ग्लुकोज चोळत बसल्या. कारकून म्हणाला, "मावशी, ताकीद आहे तुम्हाला." त्या म्हणाल्या, "लिही मग. वेळ पण लिही." दवाखान्याची गाडी आली तेव्हा यंत्रात आकडा अडतीस होता, सत्तरच्या खालीच धोका असतो.

काल संध्याकाळी तिनं डोळे उघडले. मला ओळखलं. पण डावा हात उचलायला वेळ लागतो. डॉक्टर म्हणतात, येईल. 'येईल' म्हणताना ते कागद बघत होते.

तिचा पहिला प्रश्न काय होता माहीत आहे? "आई, मी कोणाला सांगितलं नाही ना?"

तू येऊ नकोस असं लिहिणार होते. ये.

*

१२ सप्टेंबर

धाकटे,

घरी पोचलो. तुझी वहिनी विचारते, बैठकीत काय झालं. मी तिला म्हटलं, चहा झाला.

तू बाहेर खारूजवळ होतीस, म्हणून आतलं सगळं लिहितो. अर्धं लिहायचं नाही हे मीच म्हणालो होतो.

टेबलाभोवती शिक्षक आणि शाळा समिती मिळून बावीस-तेवीस माणसं. मुख्याध्यापक वाईट माणूस नाही, हे लिहिताना माझाच हात दुखतो. घाबरलेला माणूस आहे. म्हणाला, सरकारी दवाखाना कोणालाही दोन तासांत शिकवायला तयार आहे, डॉक्टर लिहून द्यायला तयार आहेत. फक्त शाळेतल्या एका माणसानं जबाबदार म्हणून सही करायची. कोण करतं?

माझे कान चांगले आहेत, तुला माहीत आहे. मी पंखा ऐकला. कोणाच्या तरी बांगड्या टेबलाखाली गेल्या, त्या ऐकल्या. तुझ्या वर्गबाई रडत होत्या, पण हात वर गेला नाही. मी उभा राहिलो. म्हटलं, माझ्या लिफ्टमध्ये माणूस अडकला तर मी सही शोधत बसत नाही, आधी दार उघडतो. एक जण म्हणाला, "काका, सही हवी हे तुम्हीच तर आम्हाला लिहिलं होतं." खाली बसलो.

मग दाराशी आवाज आला, "मी करते सही." मावशी. हातात चहाचा ट्रे. चौकशीसाठी बाहेर बसवलं होतं आणि मग माणूस कमी पडला म्हणून चहाही त्यांनाच आणायला लावला होता. समितीतल्या एका बाईंनी फाईल उघडली. म्हणाल्या, "शिक्षण सातवी. आणि यांच्यावर दोन ताकिदी आहेत." दुसरे म्हणाले, "मावशी, ट्रे ठेवा."

ठरलं ते असं: आदेश कायम. कर्मचाऱ्यानं हात लावायचा नाही. बाहेरचं माणूस रोज साडेबाराला येत असेल तर मुलीला बसू देऊ, नाहीतर महिन्याअखेर दाखला न्यावा.

परतताना मावशी जिन्यात भेटल्या. मी हात जोडले. म्हणाल्या, "तुम्ही पत्र लिहिणारे ना? ते आभाराचं पत्र. बावीस वर्षांत माझं कौतुक कोणी केलं नव्हतं. नावानं नव्हतं, तरी माझंच होतं ना ते?"

धाकटे, मला दुसरं काही सुचत नाही. महिनाअखेरीला अठरा दिवस आहेत. दाखला घेऊ नकोस, एवढंच म्हणतो, आणि का घेऊ नकोस हे मला सांगता येत नाही.

दादा

*

२६ सप्टेंबर

दादा,

खारू सोमवारपासून शाळेत जाते. डावा हात आता दप्तराचा पट्टा धरतो. साडेबाराला मावशी येतात.

कशा येतात ते वाच आणि मग काय म्हणायचं ते म्हण. त्यांनी नोकरी सोडली. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. राजीनामा दिला, शाळेची खाकी साडी धुऊन घडी करून ऑफिसात ठेवली, आणि आता त्या शाळेबाहेरील प्रौढ व्यक्ती आहेत. मी लेखी नेमलं आहे. पहिल्या दिवशी मी अर्धी पाळी बुडवून गेले. बारा वाजून वीस मिनिटांनी त्या फाटकावर उभ्या, स्वतःच्या पातळात. पहारेकऱ्यानं वही पुढं केली. इतकी वर्षं दोघांनी एका डब्यातून तंबाखू खाल्ली, आणि तो खाली मान घालून म्हणतो, "मावशी, कोणाला भेटायचं, ते लिहावं लागेल." त्या म्हणाल्या, "लाजतोस काय, पेन दे." मग पाहुण्यांच्या बाकावर जाऊन बसल्या. मुख्याध्यापक समोरून गेले, थांबले, नमस्कार केला. मावशींनीही केला. उठल्या मात्र नाहीत.

शाळेत सगळे म्हणतात, केवढं मन! माझ्याकडं बघून म्हणतात, तुमचं नशीब. मी मान हलवते. खरं तुलाच लिहिते, कारण तू अर्धं नको म्हणालास.

राजीनामा देण्याच्या आदल्या संध्याकाळी त्या माझ्याकडं आल्या होत्या. कागद कारकुनाकडून लिहून घेतला होता, फक्त सही बाकी होती. दारातच उभ्या राहिल्या. खारू झोपली होती. मला म्हणाल्या, "पोरी, घरी सून आहे, मुलगा आहे, दोघं बोलणार. पण अजून काही बिघडलं नाही. तू नको म्हण, मी फाडून टाकते. तुला राग नाही, मला राग नाही."

मला सगळं दिसत होतं, दादा. त्यांची बावीस वर्षं, ते चौदा महिने, घरी सुनेपुढं रिकाम्या हातानं बसणं. एका शब्दाचं काम होतं. मी तो शब्द म्हणायला तोंड उघडलं.

आणि म्हणाले, "मावशी, सोमवारी जमेल?"

धाकटी